धाकट्या न्यायाधीशाचं मत

अमेरिकेत पिस्कॅटवेला राहायला आले तेव्हा माझ्या सुटकेसमध्ये काळा कोट होता. सामान लावताना नवऱ्यानं तो उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा कशाला आणलास यार? इथं कुठं घालणार?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी काही वर्षं फौजदारी वकिली केली होती. मी उलटतपासाला उभी राहिले की साक्षीदार पाणी मागतो, असं बार रूममध्ये म्हणायचे, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला मला फार आवडायचं. इथं माझ्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. नवरा सकाळी कंपनीत गेला की दिवसभर भांडायला कोणी नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्यासारख्या बऱ्याच जणी होत्या, शिकलेल्या आणि घरी बसलेल्या. त्या दुपारी कोणाची तरी गाडी मिळवून आयसेलिनच्या देशी बाजारात जायच्या, डाळी आणायच्या, साड्या बघायच्या. काही दिवस मीही गेले. मग साड्यांचाही वीट आला.

गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन विचारलं, फुकटात करण्यासारखं काही काम आहे का. तिथल्या बाई म्हणाल्या, डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन वाचून दाखवायचं असतं. एक गृहस्थ आहेत, पण त्यांच्याकडे कोणी टिकत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते फार प्रश्न विचारतात." मी म्हटलं, द्या पत्ता.

घर चालत जाण्यासारखं होतं. तिथं चालत कोणी जात नाही, त्यामुळे फुटपाथही नव्हता. मी लोकांच्या हिरवळीच्या कडेकडेनं जायचे आणि गाडीवाले मला काही झालंय की काय म्हणून वेग कमी करायचे. दार उघडलं ते त्यांच्या मुलीनं. ती युनिव्हर्सिटीत शिकवायची. आई वारल्यावर आणि डोळे गेल्यावर वडिलांना ती जर्मनीहून आपल्याकडे घेऊन आली होती. आतल्या खोलीत खिडकीशी एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते, घरातल्या घरात कोट घालून. त्यांनी विचारलं, "इथं येण्यापूर्वी काय करत होता?"

"वकील होते."

ते खुर्चीत सावरून बसले. "दिवाणी की फौजदारी?"

"फौजदारी. आणि तुम्ही?"

"न्यायाधीश," ते म्हणाले, आणि त्या दिवशी वर्तमानपत्र घडीतच राहिलं.

पुढं कित्येक महिने मी मंगळवारी आणि शुक्रवारी जात राहिले. वाचन हे निमित्त. मी बातमीचा एक परिच्छेद वाचायचे, ते मध्येच थांबवायचे, आणि आमची जुंपायची. मी त्यांना तोंडावर सर म्हणायचे आणि घरी नवऱ्याशी बोलताना जजसाहेब. नवरा म्हणायचा, "तुझे जजसाहेब आज काय म्हणाले?" आणि मी चिडलेली असले तर तो समजून जायचा की दिवस चांगला गेला.

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यानं कळलं. मिसरूड फुटतंय तोवर लढाईवर गेले, कैदेत राहिले, परत आले तेव्हा गावातली निम्मी घरं पडलेली होती. कोळसा नव्हता म्हणून वर्गात ओव्हरकोट घालून कायदा शिकले. दोन मोठ्या परीक्षा दिल्या आणि तिशी गाठायच्या आत थेट न्यायाधीश झाले. मी म्हटलं, "वकिली न करता? मग माणसाला कोर्ट कळणार कसं?" ते शांतपणे म्हणाले, "आयुष्यभर एकाच बाजूनं भांडलेल्या माणसाला तुम्ही न्यायाधीश कसं करता, हे मला कळत नाही." या एका मुद्द्यावर आमचे दोन मंगळवार गेले.

आमच्याकडं न्यायाधीश वर बसून दोन वकिलांची कुस्ती बघतात. त्यांच्याकडं न्यायाधीशच साक्षीदाराला प्रश्न विचारतो, वकील बापडे शेवटी उरलंसुरलं विचारतात. सुरुवातीला कुंपणांची भांडणं, दारूच्या मारामाऱ्या, घटस्फोट. मग वरचं कोर्ट, मग आणखी वरचं. निवृत्त होऊन बागेत गुलाब लावत बसले होते, तेवढ्यात देशाची मधली भिंत पडली आणि पूर्वेकडची कोर्टं नव्यानं उभी करायला निवृत्तांना बोलावणं आलं. तेही गेले. हे सांगताना त्यांचा आवाज तरुण व्हायचा. एक काळ मात्र ते ओलांडून जायचे. तिशीच्या आसपासची काही वर्षं मोठ्या शहरातल्या फौजदारी कोर्टात होतो, एवढंच म्हणायचे. साक्षीदार कुठं उडी मारतो ते मला कळतं. मी नोंद घेतली आणि गप्प बसले.

त्या काळात अमेरिकेत टीव्हीवर कोर्टाचं पेव फुटलं होतं. दिवसभर खटलेच दाखवणारा एक चॅनलही होता. मला तो मेजवानीसारखा वाटायचा. एका शुक्रवारी मी तो लावला, तर नुकत्याच निकाल लागलेल्या एका खटल्यातले ज्युरी कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगत होते, आत कोण काय म्हणालं, कोणी कोणाला वळवलं, कोणाचं मत कुठं पडलं. जजसाहेब म्हणाले, "बंद करा." मी हसले तर दुसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला.

मग त्यांनी मला त्यांच्याकडची रीत सांगितली. मोठ्या खटल्याला पीठावर तीन न्यायाधीश आणि सोबत काही साधे नागरिक. सुनावणी संपली की सगळे एका खोलीत जातात, दार बंद होतं, आणि आत झालेलं बोलणं आणि कोणी कुठं मत दिलं ते मरेपर्यंत कोणी बाहेर काढायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. न्यायाधीशांत मत आधी धाकट्यानं द्यायचं, अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून धाकट्यानं मान डोलवायला नको. निकाल बाहेर येतो तो एकच, सगळ्यांचा. विरुद्ध मत पडलं असेल तर ते कुठंच लिहिलेलं नसतं. निकालपत्र लिहायचं काम बहुधा धाकट्याच्या गळ्यात पडतं, मग त्याचं मत हरलेलं असो की जिंकलेलं.

"म्हणजे हरलेल्यानंच दुसऱ्यांच्या बाजूनं लिहायचं?"

"नीट लिहायचं. वाचणाऱ्याला शंका येता कामा नये इतकं नीट."

"हा छळ आहे."

"हे काम आहे," ते म्हणाले.

मला ते पटणं शक्यच नव्हतं, आणि त्याचं कारण माझ्या घरात होतं. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. बाबा शाळामास्तर. ते तरुण असताना आमच्या वस्तीतली घरं गावानं जाळली होती. आम्ही बौद्ध झालो आणि मेलेली ढोरं ओढायची, गावकीची कामं करायची बंद केली, याचा राग. खालच्या कोर्टात जाळणाऱ्यांना शिक्षा झाली. हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचं जुळेना, प्रकरण तिसऱ्याकडे गेलं, आणि सगळे सुटले. पण आधीच्या दोघांतल्या एकानं आमच्या बाजूनं लिहून ठेवलं होतं. बाबांचं इंग्रजी बेताचं, तरी त्यातला एक परिच्छेद त्यांना तोंडपाठ होता. आम्हा भावंडांना त्यांनी इंग्रजी वाचायला त्याच परिच्छेदावरून शिकवलं. हरलेल्या माणसाच्या हातात तेवढंच उरतं, मी म्हटलं, की वर बसलेल्यांतल्या एकाला तरी दिसलं होतं. तुम्ही तेवढंही काढून घेता.

ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना एकाचं नाव प्रेमानं घेता येतं. आमच्याकडं घ्यायचंच झालं तर सगळ्यांचं घ्यावं लागतं."

त्यांची एक नात होती, मुलीची मुलगी. त्याच युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होती. मोठ्यानं बोलणारी, आजोबांच्या टेबलावर पाय टाकून बसणारी पोर. इतरांनी पेन जरा हलवलं तरी त्यांना चालायचं नाही, हिचे बूट मात्र चालायचे. ती आली की त्यांच्याशी जर्मनमध्ये भांडायची आणि मग त्यांना हाताला धरून बाहेर फिरवून आणायची. तिच्या येण्याच्या दिवशी ते दाढी दोनदा चाचपून बघायचे. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात वाट बघण्यासारखं तेवढंच होतं, हे मला दिसत होतं.

त्या वर्षी तिच्या वर्गात महायुद्धानंतरचे जर्मन निकाल अभ्यासाला होते. त्यातल्या एका निकालाखाली तिला आजोबांची सही दिसली.

खटला असा होता. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत एक साधा सैनिक, शेतावर राबणारा माणूस, बंदूक टाकून घरी बायकोकडे चालत आला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यानं उभ्या उभ्या चौकशीचं सोंग केलं आणि त्याला गावातल्याच झाडाला फाशी दिलं. पुढं दहाएक वर्षांनी त्या अधिकाऱ्यावर खटला चालला, आणि कोर्टानं त्याला सोडून दिलं. कारण काय, तर पळून आलेल्याला मृत्यू हाच त्या वेळचा कायदा होता आणि आपण कायद्यानं वागतोय असं अधिकाऱ्याला वाटत होतं. नातीनं मला नंतर सांगितलं, की निकाल इतका स्वच्छ, इतका मुद्देसूद लिहिलेला होता की वाचताना तिच्या अंगावर काटा आला.

पुढचं मला मुलीकडून कळलं. नातीनं जेवणाच्या टेबलावर विचारलं, तुझं मत कुठं होतं. ते म्हणाले, ते मी सांगू शकत नाही. तिनं विचारलं, मग सही? ते म्हणाले, सही माझी आहे आणि तो निकाल चुकीचा होता. ती म्हणाली, ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो सांगतो. आणि ताट तसंच टाकून निघून गेली ती परत येईना.

त्यानंतर मी जायचे, वाचायचे, आणि ते नुसते ऐकायचे. एकही प्रश्न नाही. पूर्ण पान वाचून झालं तरी मध्ये टोकत नव्हते. इतके दिवस ज्या सवयीनं मला वैताग यायचा ती गेली तेव्हा मला भीतीच वाटली. दाढीही वाढली होती.

मुलीनं मला दाराशी गाठलं. "तुम्ही वकील आहात, तुम्ही सांगून बघा. बाकीचे दोघं न्यायाधीश केव्हाच गेले. आता कोणाला काय फरक पडतो? माझे वडील तसं मत देणं शक्यच नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं एकदा सांगावं, एवढंच."

मलाही तसंच वाटत होतं. मी आठवडाभर तयारी केली. खरं सांगते, नागपूर सोडल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मंगळवारी मी त्यांच्यासमोर उभी राहिले, बसले नाही. म्हटलं, गुप्ततेची शपथ असते ती न्यायाधीशाला दबावापासून वाचवायला. आता दबाव आणणारे नाहीत, पीठ नाही, सोबतचे न्यायाधीश नाहीत. कारण संपलं की नियम कशासाठी? आणि दुसऱ्या पारड्यात एक जिवंत पोर आहे, तुमची.

ते म्हणाले, "चांगला युक्तिवाद. फेटाळला."

"एक शब्द, सर. तिच्यासाठी."

"मी विरुद्ध होतो असं म्हटलं तर मी स्वतःला सोडवतो आणि त्या दोन मेलेल्यांना लटकवतो. त्यांना उलट बोलता येत नाही." मग ते माझ्या आवाजाच्या दिशेला वळले. "आणि तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चालला आहात."

"कोणती?"

"की मी बोललो तर तुम्हाला बरं वाटेल."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. ही शक्यता मला एकदाही सुचली नव्हती. साक्षीदाराच्या तोंडून काय येणार हे माहीत नसताना प्रश्न विचारू नये, हे मी ज्युनिअर पोरांना शिकवायचे, आणि मी मात्र त्या माणसाला इतका जीव लावून बसले होते की उत्तर मीच लिहून टाकलं होतं. मला त्यांचा संताप आला. महिनोन् महिने मी त्यांच्यात माझ्या बाबांचा तो एक न्यायमूर्ती बघत होते, आणि ते मला तसं बघू देईनात.

शनिवारी मी फोनकार्ड घेऊन नागपूरला फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा तरी माझ्या बाजूनं भडकतील.

"काहून चिडतेस त्याच्यावर?" बाबा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला किती खोदशील?"

"बाबा, आपला तो परिच्छेद त्या जजनं लिहिलाच नसता तर?"

"तर मी त्याच्यावाचूनच राहिलो असतो. दुसरं काय?" लाइनवर खरखर झाली. मग ते म्हणाले, "त्या बाईचं नाव काय होतं?"

"कोणत्या बाईचं?"

"अगं, जिचा नवरा मारला."

मला माहीत नव्हतं. नातीनं सांगितलं नव्हतं, मुलीनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्या बंद खोलीच्या दाराला कान लावून बसलो होतो. ती बाई खोलीत नव्हतीच, ती बाहेर बसलेली होती.

पुढच्या मंगळवारी मी पोचले तेव्हा नात स्वयंपाकघरात उभी होती. आईची गाडी परत करायला आली होती, चावी ठेवून निघायच्या बेतात. आजोबांच्या खोलीकडे पाठ करून उभी होती. मी म्हटलं, "कोर्टात आमचा एखादा प्रश्न नामंजूर झाला तर आम्ही रुसून घरी जात नाही. दुसरा विचारतो."

"दुसरा काय विचारायचा राहिलाय?"

"गुप्त आहे ते बंद खोलीतलं. उघड्या कोर्टात जे झालं ते गुप्त नसतं. ती बाई कोण होती, ते विचार."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर गप्प झाली असती. पण ती आत गेली. बसली नाही. दारातच उभं राहून तिनं विचारलं. इंग्रजीत विचारलं, मला कळावं म्हणून असेल.

जजसाहेबांनी त्या बाईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, आठवायला एक क्षणही न लागता. मग बोलत राहिले. ती दुसऱ्या गावाहून पहिल्या बसनं यायची, सोबत दीर असायचा. मागच्या बाकावर भिंतीशी बसायची. कोर्टात गरम व्हायचं, तरी तिनं कोटाची बटणं एकदाही काढली नाहीत. साक्षीला उभी राहिली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, तुझा नवरा घाबरून पळून आला का? ती म्हणाली, नाही, बटाटे लावायची वेळ झाली होती म्हणून आला.

"कोर्टात हशा पिकला," ते म्हणाले. "निकालपत्रात ते वाक्य नाही."

नात केव्हा खाली जमिनीवर बसली ते माझ्या लक्षात आलं नाही.

"निकाल वाचून झाला. अधिकाऱ्याचे लोक त्याला मिठ्या मारत होते. अध्यक्ष आणि दुसरे न्यायाधीश आत निघून गेले. धाकट्याला कागद गोळा करायचे असतात, म्हणून मी मागं राहिलो. ती पुढं कठड्यापर्यंत आली. मी तिच्या नवऱ्याच्या वयाचा होतो. तिनं मला विचारलं, तुम्हीसुद्धा?"

"मग तू काय म्हणालास?" नातीनं विचारलं.

"काही नाही. मला बोलायची परवानगी नव्हती. त्या दिवशी मला वाटलं की मी कायद्यामुळे गप्प आहे. कायदा नसता तरी मी तिला काय सांगितलं असतं, ते मला आजही माहीत नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग बस चुकेल म्हणून दीर तिला घेऊन गेला."

त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी दाराशी उभी होते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि या दोन्हीतलं काहीच आजवर कमी झालेलं नाही. माझ्या बाबांना एक न्यायमूर्ती मिळाला होता. त्या बाईला कोणी मिळालाच नव्हता, किंवा मिळाला होता आणि तो गप्प होता, आणि कठड्यापाशी उभं राहून तिला या दोन्हींत काडीचाही फरक दिसणार नव्हता.

नातीनं तो पहिला प्रश्न परत विचारला नाही. तिनं आपल्या बाहीनं त्यांचे गाल पुसले आणि तिथंच, त्यांच्या खुर्चीला टेकून बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग त्या वर्षी बटाटे कोणी लावले?"

"ते आम्ही तिला विचारलंच नाही," जजसाहेब म्हणाले.